कार्बन कमी करणारे राष्ट्रीय ऊर्जा धोरण : ते कसे ठरते आणि त्यात आपण कुठे आहोत?

देशाने वीज कशापासून बनवायची, किती बनवायची, कोणाच्या जमिनीवर बनवायची आणि कोणाला कोणत्या दराने द्यायची, हे ठरवणाऱ्या निर्णयांना एकत्रितपणे ऊर्जा धोरण म्हणतात. कोळसा जाळल्याने कार्बन डायऑक्साइड वाढतो, त्यामुळे हवामान बिघडते. म्हणून हे धोरण आता जगभर बदलत आहे. भारतातही बदलत आहे. आंबेडकरी चळवळीत मात्र हा विषय बहुतेक वेळा 'पर्यावरणवाल्यांचा' म्हणून बाजूला ठेवला जातो. पुढच्या २०-२५ वर्षांत जमीन, नोकरी आणि सरकारी पैसा कोणाकडे जाणार, हे या धोरणातून मोठ्या प्रमाणात ठरणार आहे. त्यामुळे ते बाजूला ठेवणे आपल्याला परवडणारे नाही.

हे धोरण कसे बनते, देशाची उद्दिष्टे काय आहेत, कार्बनच्या हिशेबात कोणते प्रश्न सुटून जातात आणि कार्यकर्त्यांना कायद्याने कुठे बोलता येते, याची माहिती या लेखात दिली आहे.

बाबासाहेब आणि विजेचे धोरण

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री (मजूरमंत्री) होते. कामगार कायद्यांतील त्यांचे काम आपल्याला माहीत असते. पण सिंचन आणि वीज हे विषयही त्यांच्याच खात्याकडे होते, हे फारसे सांगितले जात नाही.

ऑक्टोबर १९४३ मध्ये सार्वजनिक बांधकामे व वीज यांच्या धोरण समितीपुढे त्यांनी अध्यक्षीय भाषण केले. शेतीवरचा भार कमी झाल्याशिवाय भारताचे दारिद्र्य हटणार नाही, त्यासाठी उद्योग हवेत आणि उद्योगांसाठी स्वस्त व मुबलक वीज हवी, अशी त्यांची मांडणी होती. वीज खासगी मालकीची असावी की सरकारी, हा प्रश्नही त्यांनी त्या वेळी समितीपुढे ठेवला. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी त्यांच्या खात्याने केली आणि १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले. त्याच वर्षी वीज पुरवठा कायदा झाला आणि पुढे राज्य वीज मंडळे उभी राहिली.

१९४७ मध्ये त्यांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. त्यात मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी स्पष्ट मागणी आहे.

या इतिहासाची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी लागते. दामोदर खोऱ्यात मैथन आणि पंचेत धरणांमुळे जी कुटुंबे उठली, त्यांत आदिवासी मोठ्या संख्येने होते. महाराष्ट्रात कोयना प्रकल्पग्रस्तांचे प्रश्न आजही चर्चेत येतात. वीज सर्वांसाठी आणि तिची किंमत मोजणारे मात्र ठरावीक, हा अनुभव जुना आहे. सौरऊर्जेच्या काळातही तो आपोआप बदलेल असे नाही.

भारत आज कुठे आहे

एकूण कार्बन उत्सर्जनात भारताचा क्रमांक चीन आणि अमेरिकेनंतर तिसरा आहे. दरडोई पाहिले तर चित्र वेगळे दिसते. भारतीय माणसामागे वर्षाला साधारण २ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून अधिक आहे आणि अमेरिकी माणसामागे हा आकडा सुमारे १४ टन आहे. भारतात दरडोई वीज वापर वर्षाला सुमारे १४०० युनिट आहे. यातही मुंबईच्या वातानुकूलित इमारतीतले घर आणि मराठवाड्यातल्या वस्तीतले दोन दिव्यांचे घर एकाच सरासरीत मोजले जाते. म्हणूनच 'भारताने उत्सर्जन कमी करावे' या वाक्यात भारत म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न विचारावाच लागतो.

देशाच्या एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे तीन-चतुर्थांश ऊर्जाक्षेत्रातून येतात. त्यात वीजनिर्मितीचा वाटा सर्वांत मोठा आहे. २०२४-२५ मध्ये देशाचे कोळसा उत्पादन १०० कोटी टनांच्या पुढे गेले.

देशाने दिलेली वचने

डिसेंबर २०१५ मध्ये पॅरिस करार झाला. त्यानुसार प्रत्येक देश स्वतःची उद्दिष्टे जाहीर करतो. भारताने ऑगस्ट २०२२ मध्ये सुधारलेली प्रमुख उद्दिष्टे अशी :

- २०३० पर्यंत अर्थव्यवस्थेची उत्सर्जन तीव्रता २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी करणे.
- २०३० पर्यंत वीजनिर्मितीच्या एकूण स्थापित क्षमतेपैकी सुमारे ५० टक्के क्षमता कोळसा, वायू, तेल यांच्याशिवायच्या स्रोतांची करणे.

याआधी, नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो परिषदेत, २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे लक्ष्य जाहीर झाले होते. निव्वळ शून्य म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडला जाईल, तेवढाच जंगल किंवा इतर मार्गांनी शोषला जाणे.

यातले दोन शब्द नीट समजून घेतले पाहिजेत. 'उत्सर्जन तीव्रता' म्हणजे एक रुपयाचे उत्पन्न निर्माण करताना बाहेर पडणारा कार्बन. अर्थव्यवस्था वेगाने वाढली तर तीव्रता कमी होऊनही एकूण उत्सर्जन वाढू शकते. भारतात तसेच झाले आहे. २००५ ते २०२० या काळात तीव्रता ३६ टक्क्यांनी घटली, पण या १५ वर्षांत एकूण उत्सर्जन वाढले.

दुसरा शब्द 'स्थापित क्षमता'. जून २०२५ अखेर देशाची निम्मी क्षमता कोळसा, वायू, तेल यांच्याशिवायच्या स्रोतांची झाली. म्हणजे २०३० चे लक्ष्य पाच वर्षे आधीच गाठले गेले. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेपैकी ७० टक्क्यांहून अधिक वीज त्या वर्षीही कोळशापासूनच आली. कारण सरळ आहे. सूर्य रात्री नसतो. एक मेगावॅटचा सौर प्रकल्प वर्षाला साधारण १७-१८ लाख युनिट देतो, तर चांगले चालणारे एक मेगावॅट कोळशाचे यंत्र सुमारे ६० लाख युनिट देते. बातमीत 'क्षमता' असा शब्द आला की 'प्रत्यक्ष निर्मिती किती?' हे विचारायची सवय कार्यकर्त्यांनी लावून घ्यावी.

धोरण कोण ठरवते?

वीज हा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत समवर्ती सूचीत (नोंद ३८) आहे. म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदे करता येतात. प्रमुख कायदे आणि यंत्रणा पुढीलप्रमाणे :

वीज कायदा, २००३ : कलम ३ नुसार केंद्र सरकार राष्ट्रीय वीज धोरण तयार करते. केंद्रीय वीज प्राधिकरण दर पाच वर्षांनी राष्ट्रीय वीज आराखडा बनवते. त्याचा मसुदा प्रसिद्ध करून जनतेकडून सूचना व हरकती मागवणे याच कलमाने बंधनकारक आहे. राज्यातील वीजदर आणि सौर-पवन वीज खरेदीचे किमान प्रमाण राज्य वीज नियामक आयोग ठरवतो.

ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ : मोठ्या कारखान्यांनी ऊर्जा कमी वापरावी, उपकरणांवर तारांकित लेबल असावे, ही कामे या कायद्याखाली ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो करते. २०२२ च्या दुरुस्तीने कार्बन पत बाजाराला कायदेशीर आधार मिळाला.

राष्ट्रीय हवामान बदल कृती आराखडा, २००८ : यात आठ अभियाने ठरली. राष्ट्रीय सौर अभियान त्यांपैकी एक आहे.

संविधान आणि न्यायालय : अनुच्छेद ४८-अ आणि ५१-अ (छ) पर्यावरण रक्षणाविषयी आहेत. मार्च २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याविषयीच्या एम. के. रणजितसिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क अनुच्छेद १४ आणि २१ मधून येतो असे मान्य केले. अनुच्छेद १४ म्हणजे समानता. हवामानाचा प्रश्न समानतेशी जोडणारा हा निकाल आपल्या कामासाठी महत्त्वाचा आहे.

आराखडा कसा बनतो?

कोणताही ऊर्जा आराखडा साधारण पाच पायऱ्यांनी तयार होतो.

१. मागणीचा अंदाज. मे २०२४ मध्ये देशाची सर्वोच्च मागणी २५० गिगावॅट झाली. २०२३ च्या राष्ट्रीय वीज आराखड्यात २०३१-३२ साठी ३६६ गिगावॅटचा अंदाज आहे.

२. बचत. न वापरलेली वीज सर्वांत स्वस्त. एलईडी दिवे, कमी वीज खाणारे पंखे, चांगले पंप यांनी मागणीच कमी होते. कोळशाच्या केंद्रातून येणाऱ्या एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यामुळे बचतीचा परिणाम लगेच दिसतो.

३. स्रोतांची निवड. २०३१-३२ साठी एकूण सुमारे ९०० गिगावॅट क्षमतेची आखणी आहे. त्यात सौर सुमारे ३६५, पवन सुमारे १२२ आणि कोळसा सुमारे २६० गिगावॅट धरला आहे. म्हणजे कोळसा लगेच बंद होणार नाही. त्याचा वाटा कमी होत जाईल.

४. साठवण आणि वाहिन्या. दुपारची सौर वीज संध्याकाळी वापरायची तर ती साठवावी लागते. त्यासाठी मोठ्या बॅटऱ्या आणि उदंचन जलविद्युत प्रकल्प लागतात. उदंचन म्हणजे वीज स्वस्त असताना पाणी वर चढवायचे आणि गरज पडली की खाली सोडून वीज करायची. महाराष्ट्रात घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प या प्रकारचा आहे.

५. पैसा आणि दर. २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लागला. २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. जुलै २०१७ पासून ही रक्कम जीएसटी भरपाईकडे वळवली गेली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये भरपाई उपकर काढून कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के केला गेला. कोळशातून गोळा होणारा पैसा कोळशावर जगणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी राखून ठेवण्याची तरतूद यात कुठेच नाही.

या पाच पायऱ्यांत मेगावॅट, टन आणि रुपये मोजले जातात. कोणाला काय मिळाले आणि कोणाचे काय गेले, हे मोजणारी सहावी पायरी आराखड्यात नसते. ती आणणे हेच आपले काम आहे.

कार्बनच्या हिशेबात न येणारे चार प्रश्न

छप्पर कोणाचे? फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक कोटी घरांवर सौर पॅनेल बसवायचे आहेत. तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे. पण त्यासाठी स्वतःचे पक्के छप्पर, स्वतःच्या नावाचे वीज मीटर आणि उरलेली रक्कम भरण्याची ताकद लागते. महाराष्ट्रात २०२५ मध्ये दारिद्र्यरेषेखालील आणि कमी वीज वापरणाऱ्या ग्राहकांसाठी 'स्मार्ट' योजना आली, हे स्वागतार्ह आहे. तरीही भाड्याच्या खोलीत, झोपडपट्टीत किंवा पत्र्याच्या घरात राहणारा माणूस बाहेरच राहतो. यावर उपाय सामूहिक सौर प्रकल्पाचा आहे : वस्तीजवळच्या शाळेवर, समाजमंदिरावर किंवा विहाराच्या छतावर पॅनेल आणि त्याच्या युनिटची वजावट अनेक घरांच्या बिलांत.

जमीन कोणाची? २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जातींची लोकसंख्या १६.६ टक्के आहे, पण देशाच्या कसल्या जाणाऱ्या शेतजमिनीपैकी ९ टक्क्यांहूनही कमी जमीन त्यांच्याकडे आहे. महाराष्ट्राच्या सौर कृषिपंप योजनेत अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला फक्त ५ टक्के हिस्सा भरावा लागतो, इतरांना १० टक्के. ही सवलत चांगली आहे, पण ज्याच्याकडे सातबाराच नाही त्याला तिचा उपयोग नाही.

गायरानाचा प्रश्न याहून नाजूक आहे. मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना २.० मध्ये सरकारी जमिनी नाममात्र भाड्याने सौर प्रकल्पांना दिल्या जातात. खासगी जमीन असेल तर मालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे मिळते. आता, कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ मध्ये झालेले भूमिहीनांचे सत्याग्रह पडीक आणि सरकारी जमिनीसाठीच होते. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अनुसूचित जाती-जमाती व इतर पात्र भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. अनेक कुटुंबांच्या नावावर ती जमीन अजून लागलेली नाही. अशा गटावर सौर प्रकल्प आला, तर कागदोपत्री जमीन 'मोकळी' आणि प्रत्यक्षात कसणारा बेदखल, अशी स्थिती होऊ शकते. सौर प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीची अट नाही, त्यामुळे त्या कायद्याखालची जनसुनावणीही होत नाही. म्हणून गायरान कसणाऱ्या कुटुंबांनी पीकपाहणी, दंडाच्या पावत्या आणि जुने पंचनामे आत्ताच गोळा करून दावे दाखल करावेत.

कर्नाटकातील पावगडा सौर पार्क सुमारे १३,००० एकरांवर आहे. तिथे जमीन संपादित न करता शेतकऱ्यांकडून एकरी वार्षिक २१,००० रुपयांनी भाड्याने घेतली गेली. मालकाची मालकी टिकली आणि उत्पन्नही सुरू झाले. पण भाडे मिळते जमीनमालकाला. त्या जमिनीवर मजुरी करणाऱ्या भूमिहीनाला त्यात वाटा नाही.

नोकरी कोणाची? कोल इंडिया, एनटीपीसी, महानिर्मिती या सार्वजनिक कंपन्या आहेत. तिथे अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण आहे. विदर्भात वेकोलि आणि औष्णिक वीज केंद्रांतील नोकऱ्यांनी अनेक बौद्ध कुटुंबांची पहिली पिढी शिकली, स्थिरावली. सौर आणि पवन प्रकल्प मात्र बहुतांश खासगी कंपन्यांचे आहेत आणि खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. शिवाय उभारणी संपली की सौर प्रकल्पाला फार थोडी माणसे लागतात. म्हणजे ऊर्जेचा स्रोत बदलताना आरक्षणाची व्याप्तीही न बोलता आकसत जाते. कोळसा खाणीत आणि राख उचलण्याच्या कामावर असलेल्या कंत्राटी कामगाराला तर भरपाईचाही हक्क स्पष्ट नाही.

राख कोणाच्या वाट्याला? भारतीय कोळशात साधारण ३० ते ४५ टक्के राख असते. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी ज्या चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, त्याच चंद्रपुरात २९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चंद्रपूरचे नाव घेतले. गंधक वायू रोखण्याचे निकष २०१५ मध्ये आले, मुदती वारंवार वाढल्या आणि जुलै २०२५ मध्ये देशातील बहुतेक केंद्रांना त्या यंत्रणेतून सूटच मिळाली. म्हणून 'कोळसा वाचवा, नोकऱ्या वाचवा' एवढीच भूमिका आपल्याला घेता येत नाही. नोकरी आपली आणि दमाही आपलाच, अशी ही कोंडी आहे.

न्याय्य संक्रमण म्हणजे काय?

कोळशाकडून स्वच्छ ऊर्जेकडे जाताना कामगार आणि बाधित समाज यांना वाऱ्यावर न सोडणे, याला न्याय्य संक्रमण म्हणतात. पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत या कल्पनेचा उल्लेख आहे. आपल्या संदर्भात त्याच्या ठोस मागण्या अशा असू शकतात :

- सरकारी जमीन किंवा सरकारी वीज खरेदी करार मिळालेल्या प्रत्येक सौर-पवन प्रकल्पात अनुसूचित जाती-जमाती आणि स्थानिकांसाठी नोकरीचे बंधनकारक प्रमाण.
- सार्वजनिक कंपन्यांनी स्वतःचे सौर प्रकल्प मोठ्या प्रमाणावर उभारणे.
- गायरानावर प्रकल्पाआधी कसणाऱ्यांच्या दाव्यांचा निकाल आणि भाड्यात भूमिहीनांचा हिस्सा.
- घरमालकी नसलेल्यांसाठी सामूहिक सौर योजना.
- खाण किंवा केंद्र बंद करण्याच्या आराखड्यात कंत्राटी कामगारांची नावनिशी नोंद, प्रशिक्षण आणि निर्वाह भत्ता.
- हवामान आणि ऊर्जा योजनांच्या लाभार्थींची जातवार आकडेवारी दरवर्षी जाहीर करणे.

कार्यकर्त्यांना कुठे बोलता येते?

वीजदर सुनावणी : वीज कायद्याच्या कलम ६४ नुसार दरवाढीचा अर्ज प्रसिद्ध करावा लागतो आणि आयोगाने जनतेच्या सूचना-हरकती विचारात घ्याव्या लागतात. कोणताही ग्राहक लेखी हरकत देऊ शकतो. वकील असलाच पाहिजे असे नाही.

जनसुनावणी : नवे औष्णिक केंद्र किंवा खाण विस्तार असेल, तर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार किमान ३० दिवस आधी सूचना देऊन जनसुनावणी होते. तिथे मांडलेले म्हणणे इतिवृत्तात नोंदवून घ्यावे आणि त्याची प्रत मागावी.

जिल्हा खनिज प्रतिष्ठान : २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणधारकांना रॉयल्टीच्या ठरावीक प्रमाणात रक्कम या निधीत भरावी लागते. पाणी, आरोग्य, शिक्षण, कौशल्य ही अग्रक्रमाची कामे आहेत. आपल्या जिल्ह्यात हा निधी कुठे खर्च झाला, हे माहिती अधिकारात विचारता येते.

ग्रामसभा : गावातील जमीन सौर प्रकल्पाला देण्याचा ठराव येत असेल, तर कसणाऱ्यांची यादी ठरावाला जोडण्याचा आग्रह धरावा.

राष्ट्रीय आराखडा : पुढच्या राष्ट्रीय वीज आराखड्याचा मसुदा आला की त्यावर संघटनेच्या लेटरहेडवर सूचना पाठवाव्यात. अभियांत्रिकी शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हा मसुदा वाचून वस्तीत समजावून सांगणे, हे अभ्यास मंडळाचे चांगले काम होईल.

धम्माच्या दृष्टीने

कारणाशिवाय दुःख नाही आणि कारण दूर केले तर दुःख दूर होते, ही तथागतांची शिकवण हवामान बदलालाही लागू पडते. तृष्णा अमर्याद वाढवून मग सौर पॅनेल लावल्याने प्रश्न सुटत नाही. पण ज्यांच्या घरी अजून पुरेशी वीज नाही, त्यांना 'कमी वापरा' असे सांगणे हाही मध्यम मार्ग नाही. ज्यांचा वापर जास्त त्यांनी कमी करावा, ज्यांचा कमी त्यांचा वाढावा आणि दोन्हीसाठी वीज स्वच्छ असावी, अशी मांडणी बौद्ध तरुणांनी ठामपणे करायला हवी.

१९४३ मध्ये बाबासाहेबांनी विजेकडे दारिद्र्य हटवण्याचे साधन म्हणून पाहिले. तेव्हा कार्बनचा प्रश्न समोर नव्हता, आज आहे. त्यामुळे आजच्या धोरणाला दोन कसोट्या लावाव्या लागतील : किती टन कार्बन कमी झाला आणि किती माणसांचे दारिद्र्य कमी झाले. पहिल्या कसोटीचे आकडे सरकार दरवर्षी प्रसिद्ध करते. दुसरीचे आकडे आपण मागितल्याशिवाय मिळणार नाहीत.